खानदेशात घोडा सांभाळताना: यात्रेतल्या खरेदीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तापीकाठच्या मैदानावर मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे नुकरे (पांढरे) असे घोडे ठिकठिकाणांहून विक्रीला येतात. त्यातला एखादा घोडा शहादा, शिरपूर, चोपडा किंवा अमळनेरकडच्या शेतकरी कुटुंबात येतो, तेव्हा कोडकौतुकाला तोटा नसतो. तोटा असतो तो नेमक्या माहितीचा. बैल आणि म्हैस यांचे संगोपन आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, परंतु घोड्याचे पोट, पाय आणि घाम यांची रीत अगदी वेगळी आहे, आणि गोठ्यातले नियम पागेत लावले की नुकसान होते. आपल्याकडचा हौशी मालकाचा घोडा उपासमारीने क्वचितच आजारी पडतो. तो आजारी पडतो जास्तीच्या चंदीने, म्हणजे धान्याच्या खुराकाने, दिवसभर एका जागी बांधून ठेवल्याने आणि उन्हाळ्यात मीठपाण्याची हयगय झाल्याने. म्हणून या लेखात खाण्याविषयी आणि खुरांविषयी सर्वांत जास्त लिहिले आहे.

खरेदी करताना

यात्रेत बघणाऱ्याची नजर आधी रंगावर आणि अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवर जाते. घोडा पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरे) आहे का, गळ्यावर देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, यावर किंमत वर-खाली होते. श्रद्धा ज्याची त्याने पाळावी, पण भोवऱ्यांवरून पायांची, दातांची किंवा श्वासाची काहीच माहिती मिळत नाही, त्यामुळे भोवरे बघून झाल्यावर खरी तपासणी सुरू करावी. विक्रेता घोडा नाचवून दाखवतो. नाचणारा घोडा लंगडतो की नाही हे अनुभवी माणसालाही सांगता येत नाही. नाच थांबवायला सांगून घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत, आधी चालवून आणि मग दुडक्या चालीने, येता-जाता बघावा. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीला लागताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. ही हालचाल दिसावी म्हणून मोतद्दाराने (घोडा धरणाऱ्या माणसाने) दोर सैल धरला पाहिजे. दोर आखूड आणि ताणून धरलेला असेल तर तो सैल सोडायला नम्रपणे पण आग्रहाने सांगावे.

वयाचा अंदाज दातांवरून घेतात. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या वयात जोडीजोडीने पडून कायमचे दात येतात, त्यामुळे पाच वर्षांपर्यंतचे वय बऱ्यापैकी नेमके कळते; त्यापुढे तो अंदाजच असतो आणि जितके वय जास्त तितका तो सैल. दोन वर्षांचे शिंगरू अंगाने भरलेले दिसले तरी त्याची हाडे स्वारीसाठी तयार नसतात. पहिलाच घोडा घेणाऱ्याने शिंगराच्या मोहात न पडता सहा ते बारा वर्षांचा, माणसाळलेला, हाताला सवय असलेला घोडा घ्यावा असे मी आवर्जून सांगेन.

सौदा पक्का करण्याआधी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल मागावा. हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो आणि माणसात तो प्राणघातक ठरू शकतो. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो अधिसूचित असून बाधित ठरलेला घोडा उपचार न करता नष्ट करावा लागतो. महाराष्ट्रात २००६ साली त्याचा उद्रेक झाला होता. तपासणीसाठी रक्ताचे नमुने पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवले जातात आणि या रोगाच्या निदानात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा शब्द प्रमाण मानला जातो. नाकातून घट्ट पिवळसर स्राव, नाकपुडीच्या आत जखमा, पायांच्या आतल्या बाजूला ओळीने आलेल्या आणि फुटणाऱ्या गाठी, यांपैकी काहीही दिसले तर त्या घोड्याला हातसुद्धा लावू नये.

घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे

विक्रेत्याकडून एक गोष्ट नक्की विचारून घ्यावी, ती म्हणजे घोड्याला आजवर काय आणि किती वेळा खायला मिळत होते. शक्य असेल तर त्याच वैरणीचा चार-पाच दिवसांचा साठा सोबत आणावा. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव ठरावीक खाद्याला सरावलेले असतात. ते बदलायला दहा ते चौदा दिवस लागतात. घरी आणल्या दिवशी कौतुकाने भरलेली घमेलीभर चंदी ही पोटशूळाची सर्वांत सामान्य सुरुवात आहे.

घरात आधीचा घोडा असेल तर नव्या घोड्याला किमान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याची बादली, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा ठेवावा आणि शेवटी त्याच्याकडे जावे. याच काळात त्याचे निरोगी असतानाचे आकडे वहीत लिहून काढावेत, कारण आजारपणात तुलना करायला तेच उपयोगी पडतात. विश्रांतीत असलेल्या प्रौढ घोड्याचे तापमान साधारण ९९.५ ते १०१.३ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. नाडी बघण्यासाठी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर आतल्या बाजूने बोटे हलकेच सरकवावीत. दोरीसारखी घरंगळणारी शीर बोटाखाली येते, ती हाडावर अलगद दाबून पंधरा सेकंद ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. अंगठ्याने मोजू नये, कारण मग स्वतःचीच नाडी लागते.

वैरण आणि चंदी

घोड्याचे जठर त्याच्या शरीराच्या मानाने फार लहान असते, साधारण ८ ते १५ लिटरचे, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. मोकळा घोडा दिवसातले सोळा तासांपर्यंत थोडे थोडे चरत असतो. जठरात आम्ल सतत स्रवते, मग तो खात असो वा नसो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोनदा चंदी आणि मधे रिकामी दावण ही पद्धत जठरात व्रण करणारी आहे. दुसरीकडे, एका वेळी जास्त धान्य दिले तर त्यातला स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढच्या मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आम्ल वाढते आणि त्याचा परिणाम थेट खुरांवर होतो. हा संबंध ज्याला नीट समजला, त्याचे निम्मे काम झाले.

प्रमाण ठरवण्यासाठी वजन हवे. काटा नसला तरी शिंप्याच्या टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोतले अंदाजे वजन. घेर १६० आणि लांबी १५५ आली तर वजन सुमारे ३३४ किलो. घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे या घोड्याला पाच ते साडेसहा किलो. ती चार-पाच वेळा विभागून द्यावी आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीसाठी ठेवावा.

खानदेशात दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा ही उत्तम वैरण आहे. त्याची कुट्टी करावी, पण फार बारीक नको. बोटभर लांबीचे तुकडे असले की घोडा नीट चावतो आणि लाळ सुटते. मारवेल, पवन्या यांसारखे वाळलेले गवत मिळाले तर ते कडब्यापेक्षाही चांगले. लसूणघासातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. कमी काम असलेल्या घोड्याला दिवसाला चार-पाच किलो हिरवा लसूणघास पुरतो. निव्वळ गव्हाच्या काडावर घोडा ठेवू नये, कारण ते आतड्यात गोळा होऊन अडकते.

दोन सवयींबद्दल सावध करायचे आहे, कारण दोन्ही चांगल्या हेतूने होतात. दुभत्या जनावरांसाठी लावलेले संकरित नेपियर किंवा हत्तीगवत घोड्याला मुख्य चारा म्हणून दिले जाते. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्याच्या जोडीला गव्हाचा कोंडा भरपूर दिला जातो, ज्यात फॉस्फरस फार असतो. दोन्ही मिळून शरीरातले कॅल्शियम कमी पडते, घोडा ते स्वतःच्या हाडांतून काढतो, चेहऱ्याची हाडे फुगतात आणि घोडा कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडू लागतो. कोंडा मूठ-दोन मुठी, चवीपुरताच द्यावा, आणि नेपियर दिल्याशिवाय भागत नसेल तर लसूणघासाची जोड आणि पशुवैद्यकांनी सांगितलेले कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रण द्यावे.

चंदी ही कामाची मजुरी आहे, प्रेमाची खूण नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा हलकी फेरी मारणाऱ्या घोड्याला चांगली वैरण, मीठ आणि खनिजे पुरतात. रोज काम करणाऱ्याला जव किंवा हरभऱ्याचा भरडा दिवसाला एक ते दोन किलो, आणि तोही एका वेळी पाऊण-एक किलोच्या वर नाही. वैरण आधी आणि चंदी नंतर द्यावी. काम नसलेल्या दिवशी चंदी निम्मी करावी.

काही गोष्टी मात्र मुळीच देऊ नयेत. बुरशी लागलेला मका घोड्याचा मेंदू नासवतो आणि त्यावर उपचार नाही. खळ्यावर भिजलेला, काळपट पडलेला मका बैलाला चालतो म्हणून घोड्याला चालेल असे समजू नये. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते अत्यल्प मात्रेतही घोड्याच्या हृदयावर घाला घालते, म्हणून गोठ्यातले पोते पागेत उघडूच नये. कोवळी किंवा कापणीनंतर फुटलेली ज्वारी विषारी असते. कण्हेरीची पाने तर वाळलेलीही घातक, तेव्हा बंगल्याच्या कुंपणाला कण्हेर असेल तर घोडा तिथे बांधू नये. रावेर-यावलकडे टोपलीभर पिकलेली केळी आणि शहाद्याकडे उसाचे वाढे सहज समोर टाकले जातात. एखादे केळे दिल्याने काही बिघडत नाही, पण रोजची टोपली म्हणजे साखरेचा मारा.

परदेशी मार्गदर्शक वाचणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट नोंदवतो. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा फ्योर्ड घोडा उंचीला साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर, पिवळट बदामी रंगाचा, आयाळीच्या मध्यभागी काळी रेघ असलेला आणि डोंगराळ, थंड प्रदेशातल्या तुटपुंज्या चाऱ्यावर तगलेला आहे. त्याच्या मालकांना सर्वांत आधी हेच शिकवले जाते की हा घोडा थोडक्यात लठ्ठ होतो, आणि लठ्ठ झाला की त्याचे खूर जातात. आपले मारवाडी आणि काठियावाडी घोडेही कोरड्या, काटकसरीच्या मुलखातलेच. त्यामुळे चाऱ्याच्या शिस्तीचा तो सल्ला आपण जसाच्या तसा घ्यावा. मात्र हिवाळ्याची दाट लव, बर्फातला मोकळा वावर आणि गारठ्यातला चारा यांविषयीची प्रकरणे तिकडेच राहू द्यावीत, आपल्याला उन्हाचा विचार करायचा आहे.

अंगावरची चरबी बघण्यासाठी १९८३ मध्ये हेन्नेके यांनी मांडलेली एक ते नऊ गुणांची पद्धत जगभर वापरतात. पाच गुण म्हणजे योग्य. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण तळहात फिरवताच बोटांना लागाव्यात. आयाळीखालची मानेची कड जाड, टणक आणि एका बाजूला कललेली असेल तर लोक त्याला कमावलेली मान म्हणून कौतुक करतात. प्रत्यक्षात ती धोक्याची सूचना आहे. मग चंदी पूर्ण बंद करावी आणि काम हळूहळू वाढवावे, परंतु वैरण वजनाच्या दीड टक्क्याखाली आणू नये, कारण उपाशी ठेवलेल्या लठ्ठ घोड्याच्या रक्तात चरबी उतरून यकृत निकामी होऊ शकते.

ऊन आणि पाणी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि लग्नसराईही तेव्हाच असते. एरवी २५ ते ३० लिटर पाणी पिणारा घोडा या दिवसांत ५० लिटरहून जास्त पितो. पाण्याची टाकी सावलीत असावी आणि रोज घासलेली असावी. शेवाळलेले कोमट पाणी घोडा टाळतो आणि मालकाला ते कळत नाही. घोड्याच्या घामातून मीठ फार मोठ्या प्रमाणावर जाते, म्हणून रोज ३० ते ५० ग्रॅम साधे मीठ चंदीत किंवा ओल्या कुट्टीत मिसळावे आणि चाटायला मिठाचा खडा टांगावा. काम सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतर.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये असा समज सर्वत्र आहे; तो सोडून द्यावा. काम करून धापा टाकणाऱ्या घोड्याला सावलीत, वाऱ्यावर उभे करून मान, छाती, पोट आणि पायांवर पाणी सतत ओतत राहावे आणि प्यायला थोडे थोडे द्यावे. कडक उन्हातून आलेला घोडा घामाने भिजलेला नसून कोरडा असेल आणि जोरजोरात श्वास घेत असेल, तर त्याची घाम येण्याची शक्ती गेलेली असू शकते. त्या घोड्याला उन्हाळाभर कामाला लावू नये.

पत्र्याची पागा किमान बारा फूट उंच, दोन्ही बाजूंनी मोकळी आणि पूर्व-पश्चिम लांबीची असावी. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाटीचा थर दिला तर आतला ताप बराच उतरतो, मात्र विजेच्या तारा त्यापासून लांब ठेवाव्यात.

खूर

नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा, मग नाल मारायचे असोत वा नुसते खूर तासायचे असोत. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याला नाल लागतात. शेताच्या पायवाटेवर फिरणाऱ्याला बहुधा लागत नाहीत. रोज संध्याकाळी चारही खूर उचलून आकड्याने साफ करावेत. टाचेकडून टोकाकडे हात चालवावा, आणि तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट बघाव्यात; तिथे काळा, कुजका वास येणारा चिकट पदार्थ दिसला तर खूर सडू लागला आहे. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हे हमखास होते. घोड्याची उभी राहण्याची जागा फूटभर उंच करून मुरूम ठोकून घेणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

लॅमिनायटिस हा मात्र वेगळा आणि भयंकर विकार आहे. खुराच्या आत हाडाला कवचाशी जोडणारे पडदे सुजतात, सुटू लागतात, आणि हाड खाली फिरते. बहुतेक वेळा दोन्ही पुढचे पाय एकदम धरतात, त्यामुळे घोडा एका पायाने लंगडत नाही. तो मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय लांब पुढे ठेवतो, सारखा भार बदलतो आणि वळायला सांगितले की जणू काचांवर पाय ठेवतो. अशा घोड्याच्या घोट्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटे टेकवून बघावे: निरोगी घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते, आजारी घोड्यात ती बोटाला धडधड लागते, आणि खुरावर तळहात ठेवला तर तो गरम जाणवतो. मालकाने रोज खूर साफ करताना ही नाडी चाचपण्याची सवय लावून घेतली तर रोग लंगडण्याच्या आधी सापडतो. संशय येताच चंदी बंद करावी, घोड्याला चालवू नये, जाड मऊ वाळू किंवा भुशाच्या थरावर उभे करावे, पशुवैद्यक येईपर्यंत पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवावेत. पहिल्या दोन-तीन दिवसांतला हा गारवा खूर वाचवू शकतो; आठवड्यानंतर त्याचा उपयोग नाही.

पावसाळा

पावसात मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात आणि त्यांच्यासोबत सर्रा येतो. रक्तातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या या रोगात ताप येतो-जातो, घोडा खातो पण खंगतो, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, डोळ्यांची आतली त्वचा फिकट पडते. म्हशी आणि गाई हा परजीवी लक्षणांशिवाय बाळगू शकतात, त्यामुळे घोडा म्हशींच्या गोठ्यात बांधण्याची आपल्याकडची पद्धत पावसाळ्यात तरी मोडावी. असा येऊन-जाऊन ताप दिसला तर रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. वेळीच कळले तर औषध आहे.

धनुर्वाताला घोडा इतर जनावरांपेक्षा फार लवकर बळी पडतो आणि एखादा खिळा त्याला पुरेसा होतो. म्हणून धनुर्वाताची लस दरवर्षी, तसेच मोकाट कुत्र्यांचा वावर सगळीकडेच असल्याने रेबीजचीही घ्यावी. जंताचे औषध वजन मोजून आणि शेण तपासून द्यावे. अंदाजाने वारंवार दिलेल्या औषधाला जंत सरावतात. दात वर्षातून एकदा कानशीने घासून घ्यावेत.

पोट दुखू लागले तर

घोडा वारंवार कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, ओठ वर करतो, बसतो-उठतो, लोळतो, खाणे सोडतो आणि शेण टाकत नाही. यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या की पशुवैद्यकांना फोन करावा आणि त्यांना नाडी, तापमान, शेवटचे शेण किती वाजता टाकले, काय खाल्ले आणि हिरड्या गुलाबी आहेत की विटकरी-जांभळ्या, एवढे सांगावे. जवळ कोणी नसेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. नाडी मिनिटाला ६० च्या वर टिकून असेल तर ती रात्र वाट बघण्याची नाही.

डॉक्टर येईपर्यंत समोरचे खाणे काढून घ्यावे, घोडा जोरात लोळत असेल तर हळूहळू चालवावा, पण तासन्‌तास चालवून दमवू नये. बांबूच्या नळकांड्याने तेल पाजण्याची चाल आपल्या गावांतून अजून आहे. ते तेल सहज फुप्फुसात उतरते आणि पोटदुखीतून वाचणारा घोडा न्यूमोनियाने जातो. तेल द्यायचेच झाले तर डॉक्टर ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात. शेजारचा कोणी अनुभवी माणूस आग्रह करू लागला तर त्याला "आबा, डॉक्टरसाहेब निघाले आहेत, तोवर थांबू" असे सांगून नळकांडे बाजूला ठेवावे. दुखणे थांबल्यावर, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, पहिल्या दिवशी भिजवलेले गवत मूठमूठ करून दर दोन-तीन तासांनी द्यावे, शेण नेहमीसारखे होईपर्यंत कोरडा कडबा टाळावा आणि चंदी त्यानंतरही तीन-चार दिवस बंदच ठेवावी.